पिण्याच्या पाण्यासाठी पाइप कोणते घ्यावेत : प्लास्टिकचे की तांब्याचे?

घराचे काम काढले की हा प्रश्न डॉक्टरांकडेही येतो. प्लंबर सांगतो, "प्लास्टिकच टाका, सगळे तेच टाकतात." घरातले आजोबा म्हणतात, तांब्याचे पाणी औषधी असते. एखादा नातेवाईक मोबाइलवर आलेला संदेश दाखवतो की प्लास्टिकच्या पाइपने कॅन्सर होतो. घरात तान्हे बाळ किंवा यकृताचा अथवा किडनीचा रुग्ण असेल तर काळजी आणखी वाढते आणि तपासणीला आलेले नातेवाईक शेवटी विचारतात, "डॉक्टर, पाइप कुठला टाकू?"

आधी थोडक्यात उत्तर. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला, आयएसआय चिन्ह असलेला सीपीव्हीसी किंवा पीपीआर पाइप योग्य आहे. तांब्याचा पाइपही चांगला असतो, मात्र पाणी आम्लधर्मी नसावे आणि जोडकामात शिसे वापरलेले नसावे. काही घरांत तांबे टाळायलाच हवे, त्यांची माहिती पुढे दिली आहे. आपल्याकडे पाण्यातून होणारे बहुतेक आजार मात्र पाइप कशाचा आहे यापेक्षा तो कुठून गेला आहे आणि त्यात बाहेरचे पाणी शिरते का, यावर अवलंबून असतात.

पाइपमधले पाण्यात उतरते कसे?

पाणी पाइपमधून वाहत असते तेव्हा त्याचा पाइपच्या आतल्या पृष्ठभागाशी संबंध थोडाच वेळ येतो. रात्री नळ बंद असताना तेच पाणी सात-आठ तास पाइपमध्ये साचून राहते. त्या वेळात पाइप, जोड आणि नळाची तोटी यांतले पदार्थ पाण्यात उतरतात. म्हणून सकाळचे पहिले पाणी आणि दोन मिनिटे नळ सोडल्यानंतरचे पाणी यांत फरक असतो. गावाला जाऊन आठ दिवसांनी परतल्यावर तो फरक आणखी वाढलेला असतो.

पाणी गरम असेल तर पदार्थ जास्त उतरतात. पाणी आम्लधर्मी असेल, म्हणजे त्याचा पीएच 7 पेक्षा कमी असेल, तर धातू जास्त विरघळतो. पाइप नवा असतानाही प्रमाण जास्त असते, कारण आतून क्षारांचा किंवा ऑक्साइडचा संरक्षक थर अजून बसलेला नसतो. अमेरिकेतील फ्लिंट शहरात 2014 मध्ये पाइप तेच जुने होते. बदलला होता तो पाण्याचा स्रोत, आणि नव्या पाण्यात गंज रोखणारे रसायन घातले गेले नव्हते. जुन्या पाइपमधले शिसे लोकांच्या घरी पोहोचले. म्हणून शेजाऱ्याकडे चालणारा पाइप तुमच्याकडेही चालेलच असे नाही. त्याच्याकडे नगरपालिकेचे पाणी आणि तुमच्याकडे विहिरीचे असेल तर दोन्हींची तुलना करून उपयोग नाही.

तांबे शरीराला लागते, पण किती?

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 1 मिलिग्रॅम तांबे लागते आणि ते डाळी, शेंगदाणे, तीळ, धान्य यांतून सहज मिळते. त्यासाठी तांब्याच्या पाइपची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील तांब्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्याकडच्या आयएस 10500 या मानकात इष्ट प्रमाण 0.05 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते.

याहून जास्त तांबे पोटात गेले तर आधी पोटच तक्रार करते. चिलीत निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासांत लिटरला साधारण 3 ते 4 मिलिग्रॅमच्या आसपास मळमळ, पोटदुखी, उलटी किंवा जुलाब दिसू लागले. असे रुग्ण ओळखण्याची एक खूण आहे. सकाळी उपाशीपोटी पहिला ग्लास पाणी प्यायल्यावर थोड्याच वेळात मळमळते, दिवसभर ठीक असते, आणि बाहेरगावी गेल्यावर त्रास पूर्ण थांबतो. पाण्याला धातूची कडवट चव येते. बेसिनमध्ये नळाच्या धारेखाली निळसर-हिरवा डाग पडतो. पांढऱ्या कपड्यांवरही डाग पडू शकतात. अशा माणसाला ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहण्याऐवजी त्याच्या घरचे पाणी तपासायला हवे.

"मग तांब्याच्या भांड्यातले पाणी?" हा प्रश्न लगेच येतो. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवले तेव्हा जुलाबाचे जंतू नष्ट झाले, आणि पाण्यात उतरलेले तांबे मर्यादेच्या बरेच खाली राहिले. म्हणजे स्वच्छ घासलेल्या भांड्यात साधे पाणी ठेवून निरोगी माणसाने प्यायले तर हरकत नाही. त्या भांड्यात लिंबूपाणी, ताक किंवा सरबत मात्र ठेवू नये, कारण आंबट पदार्थात तांबे झपाट्याने उतरते. पाइपच्या बाबतीत हा अभ्यास फारसा लागू होत नाही. भांडे आपण रोज घासतो, पाइपला आतून कोणी घासत नाही.

पुण्यातली बाळे आणि पितळेची भांडी

तांबे आणि यकृत यांचा संबंध जगाला समजण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे, आणि पाइप निवडताना तो इतिहास आजही उपयोगी पडतो. भारतीय बालयकृतकाठिण्य या नावाचा एक आजार पूर्वी आपल्याकडे बऱ्यापैकी दिसत असे. साधारण सहा महिने ते पाच वर्षांचे मूल चिडचिडे होई, भूक जाई, पोट फुगे, यकृत मोठे आणि हाताला कडक लागे. मग कावीळ दिसे, आणि त्यातली बहुतेक मुले दगावत. एकाच घरात दोन भावंडे गेल्याचीही उदाहरणे होती. कारण कळत नव्हते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा माग काढला. आजारी मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड होते. या मुलांना आईचे दूध लवकर कमी करून गाई-म्हशीचे दूध सुरू केलेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले व ठेवले जात होते. 1983 मध्ये हे निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. दुधातले केसिन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, त्यामुळे अशा भांड्यात तापवलेल्या दुधात साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तांबे उतरते. भांड्याला चांगली कल्हई असेल तर दुधाचा पितळेशी संबंध येत नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात तो येतो. पुढे घरोघरी स्टील आले, दूध कशात तापवावे याचा सल्ला दिला जाऊ लागला, आणि हा आजार इतका कमी झाला की आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नाही.

हे फक्त भारतातच घडले नाही. ऑस्ट्रियातील टिरोल भागातल्या खेड्यांत विसाव्या शतकात, 1974 पर्यंत, अशाच प्रकारे 138 बाळे दगावल्याची नोंद 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवले जात होते. आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली उदाहरणे जर्मनीतली आहेत. तिथे काही ग्रामीण घरांत स्वतःच्या विहिरीचे आम्लधर्मी पाणी तांब्याच्या पाइपमधून येत होते, आणि त्या पाण्यात पावडरचे दूध कालवून बाळांना दिले जात होते. त्यातल्या काही बाळांना तसाच यकृताचा आजार झाला.

उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ज्या गावांच्या पाण्यात तांबे जास्त होते, तिथल्या लहान मुलांच्या मृत्यूंची नोंद तपासली असता यकृताच्या अशा आजाराने दगावलेले मूल आढळले नाही. म्हणजे जास्त तांबे पोटात गेलेल्या प्रत्येक बाळाला आजार होत नाही. काही घराण्यांत जनुकीय कमजोरी असावी आणि त्यात तांब्याची भर पडावी, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. ती कमजोरी कोणत्या बाळात आहे हे आधी ओळखता येत नाही, म्हणून काळजी सगळ्याच बाळांची घ्यावी लागते.

बाळाच्या यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची पूर्ण क्षमता आलेली नसते, आणि वरच्या दुधावरचे बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या कितीतरी पट पाणी पिते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध मिळत असेल तर हा प्रश्न उरत नाही. आईने प्यायलेल्या पाण्यातले तांबे त्या प्रमाणात दुधात उतरत नाही.

पाणी उकळून घेतो, मग काय हरकत आहे?

उकळल्याने जंतू मरतात. तांबे आणि शिसे मात्र उकळून जात नाहीत. पाण्याची वाफ होते आणि धातू तेवढाच राहतो, त्यामुळे फार वेळ उकळलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. बाळाचे पाणी उकळायचे असेल तर आधी नळ एक-दोन मिनिटे सोडावा, मग थंड पाण्याच्या नळाचे पाणी भरावे आणि ते उकळावे. गीझरच्या नळाचे कोमट पाणी 'लवकर उकळेल' म्हणून घेऊ नये. हा नियम प्लास्टिकच्या पाइपलाही लागू आहे.

तांब्याच्या पाइपचा खरा धोका जोडात

तांब्याचे पाइप एकमेकांना डाग देऊन जोडतात. डाग देण्याच्या जुन्या मिश्रधातूत निम्म्याच्या आसपास शिसे असे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी डागाची तार आजही बऱ्याचदा शिसेयुक्त असते. पिण्याच्या पाण्याच्या पाइपसाठी अमेरिकेने 1986 मध्ये शिसेयुक्त डागावर बंदी घातली. आपल्याकडे तांब्याचा पाइप हाताळणारा कारागीर बहुधा एसीचे काम करणारा असतो, आणि एसीच्या पाइपमधले कोणी पीत नसल्याने त्याला या गोष्टीचा विचार करण्याची सवय नसते. त्याला शिसेविरहित सामान आणायला स्पष्ट सांगावे. पितळेच्या तोट्या आणि व्हॉल्व्ह यांतही थोडे शिसे असू शकते, मग पाइप कुठलाही असो.

तांब्यापेक्षा शिसे कितीतरी जास्त वाईट आहे. तांबे शरीराला थोडे तरी लागते, शिसे अजिबात लागत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर, शिकण्यावर आणि वागण्यावर ते परिणाम करते, आणि कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. गर्भवतीच्या रक्तातले शिसे वारेतून बाळाकडे जाते. आयएस 10500 प्रमाणे पाण्यातील शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात कोणतीही सूट नाही.

प्लास्टिकचे सगळे पाइप एक नव्हेत

दुकानात 'पीव्हीसी' म्हणून जे मिळते त्यात बरेच प्रकार असतात. यूपीव्हीसी हा पांढरा किंवा राखाडी कडक पाइप थंड पाण्यासाठी असतो. त्याचे पिण्याच्या पाण्याचे मानक आयएस 4985. त्यातून गरम पाणी नेऊ नये. सीपीव्हीसी साधारण फिकट पिवळसर रंगाचा असतो, गरम आणि थंड दोन्ही पाण्याला चालतो आणि त्याचे मानक आयएस 15778. पीपीआर बहुधा हिरवा असतो आणि सोल्युशनने न चिकटवता तापवून जोडला जातो. त्याचे मानक आयएस 15801. सांडपाण्याच्या पाइपचे मानक वेगळे, आयएस 13592. उरलेला सांडपाण्याचा पाइप किंवा विजेच्या वायरिंगची नळी पिण्याच्या लाइनला जोडणारे महाभागही असतात, म्हणून पाइपवर छापलेला क्रमांक स्वतः वाचावा.

पीव्हीसीवरचा सर्वांत रास्त आक्षेपही शिशाचाच आहे. पीव्हीसी तयार करताना ते तापवावे लागते आणि त्या उष्णतेत ते तुटू नये म्हणून त्यात स्थिरकारक घालतात. भारतात अनेक वर्षे त्यासाठी शिशाची संयुगे वापरली गेली. पाइपच्या आतल्या पृष्ठभागावरचे शिसे, विशेषतः पाइप नवा असताना, पाण्यात उतरू शकते. हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि 2021 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पीव्हीसी पाइपमधून शिसे काढून टाकण्यासाठी नियम अधिसूचित केले. आता चांगल्या पाइपवर 'शिसेविरहित' किंवा 'लेड-फ्री' असे छापलेले असते. घरात जुना पीव्हीसी पाइप आहे म्हणून तो लगेच उखडायला हवा असे नाही. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर पाणी तपासून मग ठरवावे. शिवाय आपल्याकडे मुलांच्या रक्तात शिसे येण्याची इतरही कारणे आहेत : जुने तैलरंग, बॅटरी फोडण्याचे कारखाने, भेसळीची हळद, काही भस्मे. सगळा दोष पाइपवर टाकून ती कारणे शोधायची राहून जाऊ नयेत.

कॅन्सरच्या भीतीचे मूळ व्हिनिल क्लोराइड या वायूत आहे. तो माणसात कॅन्सर घडवतो हे सिद्ध झाले आहे, आणि पीव्हीसी त्यापासूनच बनते. आजार आढळले ते मात्र मुख्यतः कारखान्यात तो वायू श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांत. तयार पाइपमध्ये त्याचे अवशेष अत्यल्प असावेत असे मानकांचे बंधन आहे. प्रमाणित पाइपमधून आलेले पाणी प्यायल्याने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. बीपीए हा पदार्थ मुख्यतः पॉलिकार्बोनेट आणि इपॉक्सीशी संबंधित आहे, म्हणून टाकीला किंवा जुन्या पाइपला आतून इपॉक्सीचा लेप देणार असाल तर तो पिण्याच्या पाण्यासाठी मान्यताप्राप्त आहे ना हे विचारावे. सूक्ष्म प्लास्टिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आढावा घेतला. पिण्याच्या पाण्यातल्या कणांनी आरोग्याला धोका असल्याचे त्या वेळच्या मर्यादित माहितीवरून दिसले नाही, आणि अधिक संशोधन हवे असे त्यात म्हटले आहे.

ज्याची कोणी चर्चा करत नाही अशी एक गोष्ट म्हणजे नळाला लावलेली मऊ, रंगीत नळी. पाणी आले की ती तोटीला लावून पिंप भरायचे ही घरोघरची पद्धत. ही नळी बागेसाठी बनवलेली असते. तिला मऊपणा देणारी रसायने पाण्यात उतरू शकतात, आणि उन्हात पडून तापलेल्या नळीतले पहिले पाणी तर वासावरूनच कळते. तिचे दुसरे टोक अंगणात किंवा मोरीत लोळत असते ते वेगळेच. हजारो रुपयांचा पाइप निवडताना घोळ घालणाऱ्या घरात पिण्याचे पाणी शेवटी या नळीतून येते.

जंतूंच्या बाबतीत कोणता पाइप चांगला?

तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू कमी टिकतात हे खरे आहे. पण पाइपच्या आत कालांतराने क्षार आणि जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. नेदरलँड्समध्ये लेजिओनेला या जंतूवर झालेल्या अभ्यासात सुरुवातीला तांब्याच्या पाइपमध्ये जंतू कमी होते, पण साधारण दोन वर्षांनी प्लास्टिक आणि तांबे यांत फरक राहिला नाही. लेजिओनेलाने एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. 1976 मध्ये फिलाडेल्फियात तो प्रथम ओळखला गेला. हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि 60 अंश सेल्सिअसच्या वर मरतो. वयस्कर, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी बंद पडलेली गीझरची लाइन वा महिनोन्‌महिने न वापरलेला शॉवर आधी गरम पाणी सोडून धुऊन घ्यावा. गीझर इतका तापवल्यावर आंघोळीआधी थंड पाणी मिसळायला विसरू नये. लहान मुले आणि मधुमेहींना भाजण्याचा धोका असतो.

आपल्याकडचा मोठा प्रश्न याहून साधा आहे. पाणी दिवसातून तास-दोन तास किंवा एक दिवसाआड येते. ते बंद झाले की पाइपमधला दाब जातो, आणि तडा किंवा ढिला जोड गटाराजवळ असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो हे सगळे याच वाटेने येतात. नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते, आणि तिचा त्रास तुमच्याबरोबर शेजाऱ्यालाही होतो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि लगेच पाण्याच्या स्रोतांची तपासणी सुरू झाली. पाइप तांब्याचा होता की प्लास्टिकचा, हे तिथे कोणी विचारले नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. माझे मत विचाराल तर तांब्यासाठी लागणारे जादा पैसे पिण्याची लाइन गटारापासून लांब आणि उंचावरून नेण्यात आणि गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा धुण्यात घालावेत.

या घरांत वेगळा विचार करावा

वरच्या दुधावरचे बाळ असलेल्या घरात तांब्याचा पाइप नवा बसवू नये. तो आधीपासून असेल तर पाणी तपासून घ्यावे. हे परदेशातल्या मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावे. ब्रिटनमध्ये घरातली लाइन बहुधा तांब्याचीच असते, आणि 1970 पूर्वीच्या काही घरांत रस्त्यापासून येणारा पाइप शिशाचाही असतो. तिथे बाळंतपणासाठी गेलेल्या आजीने सकाळचे पहिले पाणी बाळाच्या दुधासाठी घेऊ नये.

विल्सन आजारात जन्मतःच तांबे शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा बिघडलेली असते आणि ते यकृतात व मेंदूत साचते. साधारण 30,000 माणसांत एकाला हा आजार असतो. नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत जास्त. अशा रुग्णासाठी तांब्याचा पाइपही नको आणि तांब्याचे भांडेही नको. भावंडांची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी.

घरी डायलिसिस होणार असेल तर आरओ यंत्राच्या पुढे तांबे, पितळ किंवा जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी पाइप अजिबात वापरू नये. डायलिसिसमध्ये पाणी आतड्यातून गाळले जात नाही, ते पातळ पडद्याआड थेट रक्तालगत येते. तांब्याच्या भागांमुळे रुग्णांच्या तांबड्या रक्तपेशी फुटल्याच्या घटना 1970 च्या सुमारास नोंदवल्या गेल्या आहेत. साध्या घरगुती आरओचे पाणीही क्षार कमी झाल्याने धातू सहज विरघळवते. त्याच्या पुढची नळी यंत्रासोबत आलेलीच ठेवावी.

विहिरीचे पाणी वापरणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांनी पीएच तपासल्याशिवाय तांबे निवडू नये. जांभ्या दगडातले पाणी बऱ्याचदा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. साठवलेल्या पावसाच्या पाण्याचेही तसेच. अशा पाण्याने तांब्याला बारीक छिद्रेही पडतात. याउलट देशावरच्या बोअरवेलचे पाणी जड असते. त्यात तांबे कमी विरघळते, पण क्षार बसून पाइप आतून अरुंद होत जातो.

काम चालू असताना

सीपीव्हीसी चिकटवण्याच्या सोल्युशनचा वास उग्र असतो. दमा असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांनी त्या दिवशी दुसरीकडे राहावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जोड वाळायला डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ द्यावा. नंतर सगळे नळ उघडून पाणी वाहू द्यावे. पाण्याला सोल्युशनचा वास असेपर्यंत ते पिऊ नये, फरशी पुसायला वापरावे. उरलेले पीव्हीसीचे तुकडे पाणी तापवायच्या बंबात किंवा शेकोटीत जाळू नयेत. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर आणि डायॉक्सिन निघतात. प्लास्टिकच्या पाइपचा हा खरा धोका आहे.

जुना लोखंडी पाइप काढून प्लास्टिक टाकताना एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला जरूर विचारावी. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग कधी कधी पाण्याच्या लोखंडी पाइपला जोडलेले असते. मधला तुकडा प्लास्टिकचा झाला की अर्थिंग तुटते आणि गीझरचा शॉक बसू शकतो. गच्चीवर उन्हात जाणारा पाइप झाकावा किंवा रंगवावा. सोलर हीटरच्या टाकीतून निघणारे पाणी उन्हाळ्यात उकळत्या पाण्याच्या जवळ जाते, तिथे हीटरच्या कंपनीने सांगितलेलाच पाइप घालावा. तांबे आणि जस्ताचा मुलामा असलेले लोखंड थेट एकमेकांना जोडू नये, त्यात लोखंड लवकर गंजते.

पाण्याची तपासणी कशी करावी?

धातूसाठी दोन नमुने द्यावेत. पहिला सकाळी नळ उघडताच, रात्रभर साचलेल्या पाण्याचा. दुसरा तोच नळ दोन-तीन मिनिटे सोडल्यावर. पहिल्यात तांबे किंवा शिसे जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल तर ते तुमच्या घरातल्या पाइपमधून किंवा तोटीतून येते आहे. दोन्हींत सारखेच जास्त असेल तर कारण घराबाहेर शोधावे लागेल. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी आणि तांबे, शिसे व पीएच या तीन तपासण्या स्पष्ट लिहून मागाव्यात, कारण नेहमीच्या 'पाणी तपासणी'त बऱ्याचदा फक्त जंतू आणि जडपणा पाहतात. एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळा हे काम करतात. जिल्ह्याच्या शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेतही विचारावे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

नवे पाइप बसवल्यानंतर घरातल्या एकाहून अधिक माणसांना मळमळ किंवा पोटदुखी सुरू झाली, बाळाची वाढ थांबली, पोट फुगले किंवा डोळे पिवळे दिसू लागले, मूल बोलण्यात वा शिकण्यात मागे पडत आहे असे वाटले, तर दाखवायला उशीर करू नये. किशोरवयीन मुलाचे हात थरथरू लागले, अक्षर बिघडले आणि सोबत कावीळ झाली असेल तर विल्सन आजाराची शंका घेऊन तपासणी करावी लागते. शिशाची शंका असेल तर रक्तातील शिशाची चाचणी होते. केसांची किंवा नखांची चाचणी त्यासाठी भरवशाची नाही. येताना पाण्याचा अहवाल असल्यास तो, पाइपवरच्या छापील मजकुराचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि बाळाचे दूध कोणत्या पाण्यात व कोणत्या भांड्यात बनवता याची माहिती सोबत आणावी.